क्लैब्य : एका शब्दाचे दुष्परिणाम

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत : बीजाच्या दोषामुळे येणारे, इंद्रियाच्या विकारामुळे येणारे, वार्धक्यामुळे येणारे आणि शुक्रक्षयामुळे येणारे. प्रत्येकाची कारणे दिली आहेत, लक्षणे दिली आहेत, साध्य कोणते आणि असाध्य कोणते याचाही विचार केला आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात हाच शब्द कृष्णाच्या तोंडी येतो. तेथे तो रोग नाही, निर्भर्त्सना आहे. ज्या अर्जुनाने विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन एक वर्ष काढले, त्याला रणभूमीवर हा शब्द ऐकवला जातो आणि त्याने लाजून उठावे अशी अपेक्षा असते. वैद्य हा शब्द उच्चारतो तेव्हा पुढचा प्रश्न 'कशामुळे?' असा असतो. सारथी उच्चारतो तेव्हा पुढे प्रश्नच उरत नाही.

मराठीने यातला सारथ्याचा अर्थ उचलला आणि वैद्याचा सोडून दिला, असे माझे म्हणणे आहे. आणि हा केवळ शब्दार्थाच्या इतिहासाचा मुद्दा नसून त्यापायी माणसे आजारी पडतात, क्वचित मरतात, असेही म्हणणे आहे. लैंगिक ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचे दुष्परिणाम हा विषय साहित्यविषयक लेखांच्या शेजारी येण्याचे कारण एवढेच.

आपल्या भाषेत या व्याधीसाठी जे शब्द आहेत ते आधी पाहू. षंढ, नामर्द, नपुंसक. शिवाय 'बांगड्या भरा' सारखे वाक्प्रचार, ज्यांत पुरुषाची नालस्ती करताना स्त्रीचीही होऊन जाते. हे सगळे शब्द माणसाविषयी आहेत, व्याधीविषयी नाहीत. मधुमेह माणसाला 'होतो', दमा 'लागतो', मोतीबिंदू 'येतो'. नपुंसक मात्र माणूस 'असतो'. बाकीच्या आजारांत रोग आणि रोगी यांच्यामध्ये भाषा थोडी जागा ठेवते. येथे ती जागाच नाही. जो शब्द उच्चारताच बोलणाऱ्याचे अख्खे अस्तित्व पणाला लागते, तो शब्द कोणता रुग्ण डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून उच्चारील?

इंग्रजीची स्थितीही फार वेगळी नव्हती. तेथेही 'इम्पोटन्स' हा शब्द होता आणि त्यातही सामर्थ्यहीनतेचा ठपका होता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तो शब्द टाळून 'इरेक्टाइल डिसफंक्शन' हा शब्दप्रयोग वापरावा अशी शिफारस केली. नवा शब्द काही सुंदर नाही, पण त्याचा गुण त्याच्या रुक्षपणात आहे. एका अवयवाचे एक कार्य नीट होत नाही, एवढेच तो सांगतो. माणसाच्या पराक्रमाविषयी काही बोलत नाही. मराठीत 'स्तंभनदोष', 'ताठरतेचा अभाव' असे प्रतिशब्द अधूनमधून छापले जातात, परंतु ते अजून कोणाच्या तोंडी रुळलेले नाहीत. ज्याला बोलायचे आहे त्याच्याजवळ एकीकडे शिव्या आहेत, दुसरीकडे न रुळलेली परिभाषा आहे आणि मधल्या पोकळीत गोळ्यांचे पाकीट आहे.

त्या गोळीचा इतिहास विलक्षण आहे. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत सिल्डेनाफिल हे रसायन तयार झाले ते हृदयशूळावरचे औषध म्हणून. १९९० नंतरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत हृदयशूळावर त्याचा फारसा उपयोग दिसेना. काही पुरुषांनी मात्र एक अनपेक्षित परिणाम सांगितला. जो दुष्परिणाम होता तोच औषधाचा हेतू ठरला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत 'व्हायग्रा'ला परवानगी मिळाली. शरीरातील नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप कसा देते, याच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी. 'परिणाम' आणि 'दुष्परिणाम' यांतला फरक रसायनात नसतो, आपल्या अपेक्षेत असतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

ही गोळी काय करते आणि काय करत नाही हे समजून घेणे आवश्यक आहे. कामोत्तेजना झाली की नायट्रिक ऑक्साइडच्या निरोपावरून 'सीजीएमपी' नावाचे रसायन तयार होते, त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त भरते. हे रसायन मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल ही औषधे त्या विकराला रोखतात. म्हणजे निरोप मुळात आला असेल तर तो अधिक काळ टिकतो. निरोपच आला नसेल तर गोळी काही करू शकत नाही. ती इच्छा निर्माण करत नाही, आकर्षण निर्माण करत नाही, दुरावलेले मन जवळ आणत नाही. इच्छा आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साहित्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते. औषधशास्त्राने त्याला दुजोरा दिला, आणि जाहिरातींनी पुन्हा दोन्ही गोष्टी एक करून टाकल्या.

आता दुष्परिणामांकडे येऊ. डोके दुखणे, चेहरा लाल होऊन गरम वाटणे, नाक चोंदणे, पोटात जळजळ ही नेहमीची लक्षणे, आणि बहुधा ती आपोआप जातात. टाडालाफिलने पाठ आणि स्नायू दुखतात. सिल्डेनाफिलने काहींना काही काळ सगळे निळसर दिसते, कारण डोळ्याच्या पडद्यातील एका भावंड-विकरालाही ते थोडेसे रोखते. याहून गंभीर पण विरळ अशा तीन गोष्टी आहेत. दृष्टीच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे. अचानक बहिरेपणा येणे, ज्याविषयीचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००७ मध्ये ठळक करायला लावला. आणि चार तासांहून अधिक काळ न उतरणारी वेदनादायक ताठरता, जिच्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर अवयवाची कायमची हानी होते. या तिन्ही प्रसंगी एकच करायचे असते : तत्काळ रुग्णालय गाठून काय घेतले ते स्पष्ट सांगायचे. आणि नेमके तेच सांगणे आपल्याकडे सर्वांत अवघड असते.

परंतु खरा धोका आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. हृदयविकार असलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते. छातीत दुखू लागले की एक गोळी जिभेखाली ठेवायची, हे घरातल्या मुलांनासुद्धा पाठ असते. ही नायट्रेट वर्गातली औषधे. ती ज्या मार्गाने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याच मार्गावर सिल्डेनाफिलही उभे असते. नायट्रेटने नळ मोठा सोडावा आणि सिल्डेनाफिलने मोरीचे तोंड बंद करावे, तसे हे होते. रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर किमान ४८ तास नायट्रेट देऊ नये असा संकेत आहे, आणि जे नियमित नायट्रेट घेतात त्यांनी या गोळ्या मुळीच घ्यायच्या नसतात. हृदयशूळाचे औषध म्हणून जन्माला आलेले रसायन हृदयशूळाच्याच जुन्या औषधाचे वैरी निघाले.

आता एक प्रसंग कल्पावा. साठीचा एक गृहस्थ रात्री गोळी घेतो. पहाटे त्याच्या छातीत कळ येते. पत्नीला गोळीची कल्पना नाही. मुलगा धावत येऊन जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो. किंवा तातडीच्या विभागातला तरुण डॉक्टर विचारतो, 'काही औषध घेतले होते का?' खाटेभोवती पत्नी, मुलगा, सून उभी आहेत. गृहस्थ 'नाही' म्हणतो. या 'नाही'चा दुष्परिणाम कोणत्याही पत्रकावर छापलेला नसतो. तो रसायनाचा नाही, भाषेचा आहे. षंढ म्हणवून घेण्यापेक्षा गप्प राहणे बरे, हे त्या माणसाला आपण सर्वांनी मिळून शिकवलेले आहे.

भारतीय डॉक्टरांनी नोंदवलेली एक हकिगत २०२३ मध्ये न्यायवैद्यकाच्या एका नियतकालिकातून पुढे आली. ४१ वर्षांच्या एका पुरुषाने मद्यासोबत सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बरे वाटेना. सोबतच्या स्त्रीने डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला. असे पूर्वीही झाले आहे, असे सांगून त्याने तो मोडून काढला. मेंदूतील रक्तस्रावाने तो दगावला. शवविच्छेदनात हृदयाच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या, म्हणजे दुखणे आधीपासून आत होते. एका हकिगतीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण त्या पुरुषाने नाकारलेली डॉक्टरांची भेट मला त्या गोळ्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण ताठरतेचा अभाव हा पुष्कळदा स्वतःच एक निरोप असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, नैराश्य, काही मानसोपचाराची औषधे यांपैकी कशाचेही ते लक्षण असू शकते. त्या अवयवाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असल्यामुळे त्या आधी तुंबतात. हृदयविकार उघड होण्यापूर्वी दोन ते पाच वर्षे ही तक्रार सुरू झालेली असू शकते. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. याचा अर्थ असा, की ज्याला आपण पौरुषाचा प्रश्न समजतो तो कितीतरी पुरुषांच्या बाबतीत साखरेचा किंवा रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो. चिठ्ठीवाचून दुकानातून गोळी आणणारा माणूस केवळ गोळीचा धोका पत्करत नाही. तो वाजत असलेली घंटा बंद करून पुन्हा झोपी जातो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी औषधे घेणाऱ्या, यकृत-मूत्रपिंड दुबळे असलेल्या किंवा पासष्टी ओलांडलेल्या माणसाला मात्रा कमी द्यावी लागते. बुरशीवरच्या आणि एचआयव्हीवरच्या काही औषधांनी गोळीचा अंमल कितीतरी वाढतो. हे सगळे ठरवायला कोणीतरी विचारावे लागते, आणि कोणीतरी उत्तर द्यावे लागते. दोन्ही क्रिया भाषेच्या आहेत.

हा विषय छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, लिहिताना आणखी एक धागा हाताला लागतो. १ जानेवारी २००५ पूर्वी आपल्या देशात औषधी पदार्थाला पेटंट नव्हते, केवळ प्रक्रियेला होते. त्यामुळे फायझरने २००५ च्या अखेरीस आपली व्हायग्रा येथे आणण्यापूर्वीच अनेक भारतीय कंपन्यांचे सिल्डेनाफिल बाजारात आले होते. त्यांतल्या 'कामाग्रा' या नाममुद्रेने जगभर नाव कमावले. ती अजंता फार्मा या कंपनीची. या कंपनीचे कारखाने पैठणला आणि आमच्या शहराच्या औद्योगिक परिसरात आहेत, आणि तिच्या नावात शंभरेक किलोमीटरवरची लेणी आहेत. ब्रिटनमध्ये कामाग्राला विक्रीचा परवाना नाही, तरीही तेथे ती चोरवाटांनी विकली जाते. आणि चोरवाटेने मिळणारे पाकीट कंपनीचे की बनावट, आत किती मात्रा, हे घेणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नसतो.

या नाममुद्रांकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने एक संहिता म्हणून पाहावे. 'कामाग्रा' मध्ये संस्कृत 'काम' आहे आणि मागे व्हायग्राचे शेपूट. शिवाय 'अग्र' हा अर्थ वाचणाऱ्याला आपोआप ऐकू येतो. सिप्लाच्या 'सुहाग्रा' मध्ये सुहाग आहे, म्हणजे कुंकवाची, लग्नाची, घराची मान्यता. 'मॅनफोर्स' मध्ये बळ आहे, आणि त्या शब्दात समोरच्या माणसाला जागाच नाही. शृंगार, सौभाग्य आणि सक्ती : पुरुषाच्या कामजीवनाच्या आपल्या तिन्ही कल्पना तीन पाकिटांवर आल्या. यांतले 'सुहाग्रा' मला सर्वांत उपरोधिक वाटते. सुहाग म्हणजे नवऱ्याचे आयुष्य. हृदयाची तपासणी न करता, घरात न सांगता घेतलेली गोळी ज्या गोष्टीला खरोखर धक्का लावू शकते, तिचेच नाव तिला दिलेले आहे.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही माहाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांची संपदा त्याच घराण्याशी जोडलेली आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती साक्षेपाने मराठीत आणली. कामजीवनाविषयी या गाथा जितक्या मोकळेपणाने बोलतात तितक्या मोकळेपणाने मराठी त्यानंतर क्वचितच बोलली असेल. आणि त्यांतला मोठा भाग स्त्रीच्या तोंडचा आहे. रुसवा, कंटाळा, अतृप्ती, चेष्टा, लालसा हे सगळे ती बोलते. त्याच गावाच्या औद्योगिक वसाहतीशी आज ज्या व्यवसायाचे नाते आहे, त्याच्या अवघ्या शब्दव्यवहारात स्त्री नाही. गोळीच्या जाहिरातीत ती असली तर हसत उभी असते. तिला काय हवे होते, हे तिला कोणी विचारलेले नसते. हा दोष कारखान्याचा नव्हे. दोन हजार वर्षांच्या वाटेवर आपण काय काय सांडले, त्याचा तो हिशेब आहे.

जी जागा मोकळ्या भाषेने सोडली ती जाहिरातीने घेतली. रेल्वेमार्गाकडेच्या भिंतींवर, वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, आठवडी बाजारातल्या सांड्याच्या तेलाच्या ठेल्यावर 'गुप्तरोग', 'मर्दानी ताकद', 'निराश होऊ नका' ही भाषा आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. 'गुप्तरोग' हा शब्द पाहा : रोगाचे वर्णन त्याच्या लक्षणाने नाही, कारणाने नाही, तर तो लपवला पाहिजे या आज्ञेने केलेले आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणायुक्त उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली, आणि त्याच्या परिशिष्टातील ५४ व्याधींत हीही व्याधी आहे. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिले तेव्हा डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण अशा जाहिराती म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे, ही भूमिका घेतली. सिल्डेनाफिल हे 'शेड्यूल एच' मधले औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. कायदे आहेत. भिंतीही आहेत.

'नैसर्गिक', 'वनौषधी', 'दुष्परिणामरहित' या शब्दांचा दुष्परिणाम तर अधिकच फसवा. वाजीकरण ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक शाखा. तिचा शास्त्र म्हणून अभ्यास करणाऱ्यांशी येथे वाद नाही. पण 'वाजी' म्हणजे घोडा ही व्युत्पत्ती तेवढी उचलून पाकिटावर छापणारे वेगळे. अशा कितीतरी चूर्ण-कॅप्सूलांत न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेले असते, हे अनेक देशांच्या औषध प्रशासनांना वारंवार आढळले आहे. सॉर्बिट्रेट घेणारा माणूस 'आपण तर जडीबुटी घेतो' या समजुतीत नेमक्या त्याच खड्ड्यात पडतो. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले सुमारे १५० रुग्ण रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्यामुळे रुग्णालयांत दाखल झाले. शोध घेता कामशक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बेकायदा औषधांत मधुमेहावरचे ग्लायबेनक्लॅमाइड मिसळलेले निघाले. सात जणांची शुद्ध बराच काळ हरपली, चार जण दगावले.

आपल्या साहित्याने या विषयाला स्पर्शच केला नाही, असे मात्र नाही. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या १९७२ च्या नाटकाभोवती अश्लीलतेचा जो गदारोळ झाला तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या तिसऱ्या अंकात काय घडते? लक्ष्मी परत येते, तिच्या पूजापाठाची छाया घरावर पडते, आणि आपल्या पौरुषाच्या बढाईवर ज्याची सगळी भाषा उभी आहे त्या सखारामचे शरीर चंपेसमोर त्याला साथ देईनासे होते. चंपा त्याला टोचून बोलते. त्यापाशी उत्तर नसते, कारण या अनुभवासाठी त्याच्या बोलण्यात शब्दच नाही. शिव्या आहेत, आणि त्या आजवर त्याने इतरांना दिलेल्या आहेत. शेवट चंपेच्या खुनात होतो. आपल्या वर्गांत लक्ष्मी-चंपा या जोडीची, दांभिकतेची, विवाहसंस्थेची चर्चा होते; सखारामच्या नादुरुस्त शरीराची मात्र होत नाही. वास्तविक नाटकाचा कणा तेथे आहे. ज्या माणसाला 'मला जमत नाही' हे वाक्य म्हणता येत नाही, त्याच्या घरात त्या वाक्याची किंमत कोणीतरी दुसरे मोजते.

खांडेकरांच्या १९५९ च्या 'ययाति' चेही तेच. उसने तारुण्य ही कल्पना आपण तेथे नीतिकथा म्हणून शिकवतो : भोगाने तृप्ती होत नाही, वगैरे. मला तिच्यातला वेगळा तपशील महत्त्वाचा वाटतो. ययातीचे वार्धक्य नाहीसे होत नाही, ते पुरूच्या अंगावर जाते. उसन्या क्षमतेचा भार कोठेतरी उतरतोच. आजच्या गोळीबाबत तो हृदयावर उतरतो, डोळ्यावर उतरतो, किंवा काहीच न सांगितलेल्या पत्नीवर उतरतो.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे लेखन म्हणजे गोळीविरुद्धचा नीतिपाठ आहे. तसे नाही. योग्य तपासणीनंतर, योग्य मात्रेत, दिवसातून एकदाच घेतलेली ही औषधे बहुसंख्य पुरुषांना सुरक्षित आहेत, आणि मधुमेहाने किंवा शस्त्रक्रियेने ज्यांचे सहजीवन अडले त्यांना त्यांनी मोठा दिलासा दिला आहे. फुप्फुसातील रक्तदाबाच्या विकारावर सिल्डेनाफिल २००५ पासून मान्यताप्राप्त आहे आणि स्त्रियाही ते घेतात. अशा रुग्णाला चिठ्ठी पुढे करताना संकोचावे लागत असेल तर तोही याच भाषेचा प्रताप. औषध वाईट नाही. ते ज्या मौनात घेतले जाते ते मौन वाईट आहे. विशीतले निरोगी विद्यार्थी पडद्यावरच्या दृश्यांशी स्वतःची तुलना करून 'परीक्षेत' उत्तीर्ण होण्यासाठी ही गोळी घेतात, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांना बहुधा काही होत नाही. पण गोळीवाचून आपण अपुरे आहोत ही समजूत पक्की होते, आणि ती उतरवणारे औषध नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे : असल्या गोष्टी चारचौघांत लिहू नयेत. या आक्षेपाला उत्तर देण्याचा अधिकार या शहराला विशेष आहे. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये तो लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला ते हरले. पुढे १९५० मध्ये ज्यांनी येथे मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली आणि ज्यांचे नाव १९९४ पासून येथील विद्यापीठाला आहे, ते हेच वकील. आणि त्या खटल्यावर अलीकडे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिणारे अजित दळवीही याच शहरातले. कर्व्यांना लोक प्रश्न विचारत, याचा अर्थ बोलण्याची गरज तेव्हाही होती. विचारायला एक पत्ता हवा होता, एवढेच.

म्हणून हे काम डॉक्टरांवर सोडून मोकळे होता येणार नाही. डॉक्टरांजवळ ज्ञान आहे, पण रुग्णाशी बोलायची मराठी त्यांना कोणी शिकवलेली नाही. त्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत आणि गोळीच्या पाकिटातले पत्रकही इंग्रजीतच. भाषाविभागांना दरवर्षी अनुवादाचे प्रकल्प द्यावे लागतात. त्यांत कवितांबरोबर एक औषधपत्रक का असू नये? 'छातीत दुखत असेल आणि ही गोळी घेतली असेल तर नायट्रेट घेऊ नका, डॉक्टरांना तसे सांगा', हे वाक्य साठीच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या पत्नीला लाज न वाटता वाचता यावे अशा मराठीत लिहिणे ही सोपी कसोटी नाही. शब्दकोशांनी 'नपुंसक' या शब्दापुढे 'निंदाव्यंजक' अशी नोंद करावी आणि व्याधीसाठी सुटसुटीत शब्द रूढ करावा. आणि आपण, जे वर्गात गीता, सखाराम आणि ययाति शिकवतो, त्यांनी 'षंढ' हा शब्द संहितेत आला की नुसता अर्थ सांगून पुढे न जाता तो कोण, कोणाला, कशासाठी म्हणतो आहे हे विचारावे. समीक्षेचे हे प्राथमिक काम आहे.

वैद्याजवळ चार कारणे होती. सारथ्याजवळ एक शब्द होता. सारथ्याचा शब्द आपण पिढ्यानुपिढ्या सांभाळला आहे. चरकाने विचारलेला 'कशामुळे?' हा प्रश्न आपल्या मराठीत परत यायला हवा, कारण तो ज्याला विचारला जाईल तोच, एखाद्या पहाटे, खाटेवरून खरे उत्तर देऊ शकेल.